मागितले पुरणयंत्र, आले गरुडपुराण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



आज मला जो विषय मांडावयाचा आहे तो तसा पाहिला तर अगदी हातातला आहे. मोबाईलवरून वस्तू मागवताना वरच्या बाजूला एक लांबट चौकट असते. तिच्यात आपण वस्तूचे नाव लिहितो, आणि नेमकी ती वस्तू सोडून बाकीचे सारे जग समोर येऊन उभे राहते. असे का होते, आणि त्यावर आपल्यासारख्यांनी काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. वर्धापनदिनाला काही भारदस्त विषय घ्यावा असे एकदोघींनी सुचवले होते. पण गेल्या वर्षभरात आपल्या बैठकांत गुडघेदुखीच्या खालोखाल जर कशाची तक्रार ऐकू आली असेल, तर ती या चौकटीचीच. शिवाय आपल्यातील काही जणी घरी केलेले जिन्नस आता मोबाईलवरून विकूही लागल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने तर हा चार पैशांचा प्रश्न आहे.

आधीच एक सांगून टाकते. मी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरे एकेक लावून वाचते. पण ही अडचण शिक्षणाची नव्हे. माझी भाची एम.एस्सी. झालेली आहे, आणि तीही याच ठिकाणी अडते. तेव्हा "आपल्याला मोबाईल येत नाही" असे ज्या भगिनींना वाटत असेल, त्यांनी ते मनातून काढून टाकावे.

होळीच्या आधी मला पुरणयंत्र हवे होते. जुन्याची जाळी झिजून झिजून तिची भोके एवढी मोठी झाली होती की पुरणात अख्खी डाळ उतरे. इंग्रजी अक्षरांत मी 'पुरण यंत्र' असे लिहिले. समोर काय यावे? पहिल्याने गरुडपुराण, मागोमाग शिवपुराण, मग तांब्याच्या पत्र्यावरचे श्रीयंत्र, त्यामागून आणखी कसले कसले यंत्र, घरात लावले की भरभराट होते म्हणणारे. पुरणयंत्र आले ते खूप खाली, आणि त्याच्यावर नाव होते 'फूड मिल'. घरात सगळे पोट धरधरून हसले. हसण्यासारखेच होते ते. पण मला नवल वाटले ते निराळेच. त्या यंत्राने खोटे काहीच केले नव्हते. पुरण आणि पुराण ही दोन्ही इंग्रजी अक्षरांत एकाच तऱ्हेने लिहितात, आणि यंत्र म्हटले की देशभरात बहुतेक लोक पूजेतलेच मागत असतील. त्याने शब्दाला शब्द जुळवला आणि माल पुढे केला.

आता हेच नाव आपल्या बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन घ्या. होळी आठ दिवसांवर आली आहे, समोर पिशवी घेऊन बाई उभी आहे, तिला गरुडपुराण नको, हे दुकानदाराला कोणी सांगावे लागत नाही. उलट तोच विचारतो, "बाई, स्टीलचे देऊ की पितळेचे? किती माणसांचे पुरण असते?" हा जो उलट प्रश्न आहे ना, भगिनींनो, त्यातच सगळी मेख आहे. चौकट प्रश्न विचारीत नाही. आपण तोंडातून जो शब्द काढला तेवढ्यावर ती धावत सुटते. आपला दुकानदार काही संत नव्हे. ज्यात नफा जास्त ते भांडे तोही आधी काढून दाखवतो. पण त्याचा चेहरा आपल्याला दिसतो, आणि आपला त्याला.

वस्तू स्वतः शोधण्याचे काम गिऱ्हाइकावर आले त्यालाही आता शंभरावर वर्षे झाली. अमेरिकेत मेम्फिस नावाचे शहर आहे, तेथे क्लॅरन्स सॉन्डर्स या गृहस्थाने १९१६ साली 'पिगली विगली' असे गमतीचे नाव देऊन एक किराणा दुकान काढले. त्याआधी तिकडेही आपल्यासारखीच रीत होती. गिऱ्हाइकाने यादी सांगावी आणि नोकराने काढून द्यावे. सॉन्डर्सने फळ्या मोकळ्या केल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली. आता अशा दुकानांत आपण सर्रास जातो. पण तेथे निदान डोळ्यांनी फळी दिसते. एक फेरी मारली की काय आहे, काय नाही ते कळते. मोबाईलच्या काचेवर एका वेळी दिसतात चार वस्तू. दुकानात लाखो जिन्नस असावेत आणि आत पाहावयाला किल्लीच्या भोकाएवढी जागा असावी, तशी ही गत आहे. म्हणून सगळा भार त्या एका शब्दावर येतो.

ही चौकट काम कसे करते ते मी भाचीकडून समजून घेतले. आपण नाव लिहिल्यावर ते यंत्र काही गोदामात धावत जात नाही. त्याने आधीच एक मोठी वही करून ठेवलेली असते. पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते, अमका शब्द अमक्या पानावर, तशीच. प्रत्येक शब्दापुढे तो शब्द ज्या ज्या मालाच्या वर्णनात आला आहे त्या मालाचे आकडे. आपण दोन शब्द दिले की दोन्ही नोंदी काढून समाईक आकडे घ्यायचे. म्हणजे विकणाऱ्याने जो शब्द लिहिला असेल तोच तुम्ही लिहिला पाहिजे. त्याने 'फूड मिल' लिहिले आणि तुम्ही पुरणयंत्र, तर माल असूनही नाही. दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत हे यंत्राला शिकवता येते, नाही असे नाही. परंतु ते कोणी तरी शिकवावे लागते.

पुढे, शब्द सारखे मोलाचे नसतात. 'स्टील' हा शब्द लाखो वस्तूंवर आहे, 'पुरणयंत्र' मोजक्यांवर. तेव्हा जो शब्द दुर्मिळ, त्याला वजन जास्त द्यावे, हा हिशेब १९७२ साली इंग्लंडातील कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी मांडला. आज जगभरची शोधयंत्रे ज्या पायावर उभी राहिली, त्यात या बाईंच्या हिशेबाचा मोठा वाटा आहे. बायकांना यंत्रातले काय कळते म्हणणाऱ्या मंडळींसाठी मी हे नाव मुद्दाम पाठ केले आहे.

तिसरी गोष्ट चुका सुधारण्याची. लिहिताना माणसाचे अक्षर इकडचे तिकडे होते, म्हणून यंत्र पाहते की किती अक्षरे बदलली म्हणजे या शब्दाचा दुसरा ओळखीचा शब्द होतो. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली ही मोजणी सांगितली. लांब शब्दाला ही युक्ती छान लागू पडते. लहान शब्दाची मात्र ती माती करते. आपले वाल घ्या. पनवेल, पेण, अलिबाग इकडच्या माणसाला वालाचे बिरडे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पण इंग्रजी तीन अक्षरांत 'वाल' लिहा, यंत्र म्हणते, बाईंचे एक अक्षर राहिले; आणि भिंतीवरची घड्याळे, भिंतीवर चिकटवायची फुले, भिंतीचा रंग अशी रांग लागते. इंग्रजीत भिंतीला वॉल म्हणतात ना! 'बिरडे' लिहून पाहिले तर पक्ष्यांचे पिंजरे आले. झारा मागितला तर एका परदेशी कापडवाल्याचे नाव निघाले. खण मागितला तर खान आडनावाच्या लेखकांची पुस्तके. आपल्या पनवेलचे नाव ज्याने दूरवर नेले तो धूतपापेश्वरचा औषधी कारखाना १८७२ सालचा, पण 'धूत' मधला ऊ कोणी 'ओ' दोनदा काढून लिहितो, कोणी 'यू' लिहून. आपल्या बाराखडीत जो शब्द एकाच रीतीने लिहिता येतो, त्याला इंग्रजी अक्षरांत चार तोंडे फुटतात. आणि ज्या दोन शब्दांत आपल्याला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, ते तिथे एक होतात.

आकड्यांची तर आणखीच मौज. बांगड्यांचे माप आपण 'दोन-सहा' म्हणतो. म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर सहा सोळांश. कासाराला हात दाखवला की पुरे. चौकटीत 'दोन-सहा' लिहिले, तर दोन बांगड्यांचे जोड आले आणि सहा बांगड्यांचे संच आले. 'प्लॅस्टिक नसलेली किसणी' असे लिहिले तर साऱ्या किसण्या प्लॅस्टिकच्या, कारण वहीत प्लॅस्टिक हा शब्द सापडला, 'नसलेली' याला तिथे किंमत नाही. स्वस्तातले आधी दाखव म्हटले तर कुकरऐवजी कुकरची शिट्टी आणि रबराची रिंग. हिशेबाने बरोबरच आहे. शिट्टी कुकरपेक्षा स्वस्तच असते.

आणि इतके होऊनही ही चौकट "नाही" म्हणावयास तयार नसते. आपला वाणी सरळ सांगतो, "संपले, गुरुवारी या." इकडे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून तुमच्या तीन शब्दांतले दोन गाळतात आणि उरलेल्या एकावर काहीतरी दाखवतात. त्यातही वरच्या ओळी पुष्कळदा पैसे भरून घेतलेल्या असतात. तिथे बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' किंवा 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. चष्मा लावून पाहा. जाहिरात असण्याला माझी हरकत नाही. पण मी मागितलेल्या वस्तूच्या आधी ती आणि तिच्याच वेषात उभी राहावी, याला हरकत आहे.

विकणारेही काही कमी नाहीत. आपली वस्तू प्रत्येक शोधात यावी म्हणून एका पळीच्या नावात 'स्टील, हेवी, प्रीमियम, दिवाळी, गिफ्ट, लग्न, महिला' असे सगळे कोंबतात. म्हणजे वही भरते, आणि त्या वहीत शोधणारी दमते.

आता मला जे खरोखर लागते ते सांगते. यंत्र पुढे पुढे शिकते म्हणतात, आणि ते खरे आहे. जे पुष्कळ लोक उघडतात, घेतात, ते वर चढते. पण देशभर भिंतीचे घड्याळ मागणारे किती आणि कडवे वाल मागणारे किती? कुळीथ, हळीव, वरी, बिड्याचा तवा, सोऱ्या ही मोजक्या घरांची नावे, ती तळालाच राहायची. मग आपणच कंटाळून त्याला समजेल ते नाव लिहू लागतो. परवा शेजारची नवी सून मला विचारते, "काकू, फ्लॅक्ससीड म्हणजेच जवस का?" पोर हुशार आहे, विचारले तरी. पण तिच्या मुलीला जवस हा शब्द कानावर तरी पडेल काय, याची मला शंका आहे. शिवाय मी पाहिले आहे, तेच जवस इंग्रजी नावाच्या चकचकीत पिशवीत महाग असते.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच मंडळातले आहे. नाव सांगत नाही, त्या इथे बसल्या आहेत आणि मला डोळे वटारून पाहत आहेत. त्यांची चकलीची भाजणी आपण सर्वांनी खाल्ली आहे. दिवाळीपूर्वी मुलाने ती एका ठिकाणी विकावयास लावून दिली. दीड महिन्यात पिशव्या गेल्या चार. मी माझ्या मोबाईलवर 'भाजणी' लिहून शोधली तर भजनी टाळ आणि चिपळ्या आल्या! मग मुलाला विचारले, तर त्याने नाव दिले होते 'रोस्टेड मल्टिग्रेन फ्लोअर मिक्स'. त्याचाही विचार होता. इंग्रजी नाव चालते असे त्याला कोणी सांगितलेले. पण भाजणी ज्या बाईला हवी ती 'भाजणी'च लिहिणार. करणारी दोन गल्ल्यांपलीकडे, घेणारी इथे, आणि मधल्या शब्दाने दोघींची गाठ पडू दिली नाही. आम्ही ते नाव बदलायला लावले. आता मराठीत 'चकलीची भाजणी', त्याखाली तेच इंग्रजी अक्षरांत दोन तऱ्हांनी, मग हिंदीभाषकांसाठी आणि शेवटी ते मल्टिग्रेनही आहेच. शिमग्यापर्यंत तीसवर पिशव्या गेल्या. सगळे श्रेय नावाला देत नाही, भाजणीही चांगली आहे.

कोणी म्हणेल, आता तर मराठी आली आहे. आली, हे खरे. २०२० सालच्या अखेरीस मुंबई-पुण्यात त्यासाठी आंदोलनही झाले. फ्लिपकार्टने जानेवारी २०२१ मध्ये मराठी सुरू केली, ॲमेझॉनने त्याच वर्षी सप्टेंबरात. ही चांगलीच गोष्ट झाली. पैसे कुठे भरायचे, माल परत कसा करायचा, हे आपल्या भाषेत वाचता येते. पण दुकानाची पाटी मराठी होणे वेगळे आणि आतल्या माणसाला वरी म्हणजे भगर हे ठाऊक असणे वेगळे. ते दुसरे काम आंदोलनाने होत नाही. ते शब्द कोणी तरी बसून लिहून द्यावे लागतात.

कायदाही आपल्या बाजूला आहे, तो माहीत असावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम निघाले. त्यांत असे आहे की कोणता माल वर दाखवायचा, कोणता खाली, हे मुख्यतः कशावरून ठरते, ते अशा बाजारपेठांनी साध्या समजेल अशा भाषेत उघड मांडावे. तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा, त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. वेषांतर केलेली जाहिरात ही त्यांतलीच एक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. चारच आकडे आहेत, फ्रिजवर लिहून ठेवा. १९७२ मध्ये मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली, तेव्हा बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आपल्याला चार आकडे फिरवायचा आळस नसावा.

रोजच्या कामापुरते म्हणाल तर मी असे करते. एका नावाने मिळाले नाही तर त्या वस्तूची हिंदी आणि इंग्रजी नावे टाकून पाहते. कुळीथ नाही तर कुलथी, नाही तर हॉर्स ग्रॅम. वाल लिहायचे तर 'कडवे वाल' असे दोन शब्दांत, एकटा शब्द सोडत नाही. 'डाळ' हाही शब्द जोडला की भिंत बरीचशी पडते. काही ठिकाणी चौकटीशेजारी कॅमेऱ्याची खूण असते. जुन्या वस्तूचा फोटो काढून तिच्यात दिला की नावाची कटकटच राहत नाही. माझी पुरणयंत्राची जाळी मला अखेर अशीच मिळाली. जमले तर नुसते नाव नको, काम लिहावे, 'पुरण वाटण्याची जाळी' असे. आणि पंधरा मिनिटांत सापडले नाही तर मोबाईल खाली ठेवून चप्पल घालावी. बाजार काही लांब नाही.

आता एक कामाची विनंती. मंडळाच्या कपाटात मी दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आखले आहेत: आपले मराठी नाव, ते इंग्रजी अक्षरांत लोक कसे कसे लिहितात, हिंदी नाव, इंग्रजी नाव. प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघरातली आणि देवघरातली निदान दहा नावे भरावीत. आगरी, कोळी, घाटावरच्या घरांतली नावे वेगळी असतील तर तीही हवीत. एकाच वस्तूला तीन नावे आली तर तिन्ही लिहावीत, कोणाचे खरे यावर भांडण नको. ज्या जणी माल विकतात त्यांनी आपल्या मालाचे वर्णन लिहिताना ही वही समोर घ्यावी. भरल्यावर तिच्या प्रती काढून ज्या ज्या बाजारात आपला माल आहे तेथे तक्रारवजा पत्रासोबत पाठवाव्यात असे कार्यकारिणीने ठरवले आहे. मसुदा भाची करून देणार आहे. सध्या वहीत त्रेसष्ट नावे झाली आहेत, आणि 'उलथने' अजून कोणी लिहिलेले नाही.

चहा आला आहे.